गळतीच्या उंबरठ्यावरील विद्यार्थी आणि शाळेतील श्रमशिक्षण : पाबळचा प्रयोग व पानशेत खोऱ्यासाठी त्याचा अर्थ

प्रस्तावना

पानशेत हे नाव महाराष्ट्राच्या स्मरणात १२ जुलै १९६१ या दिवसाशी कायमचे जोडले गेले आहे. त्या दिवशी आंबी नदीवरील धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही आणि पुणे शहराचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. या घटनेवर पुष्कळ लेखन झाले आहे. ते बहुतांशी धरणाच्या खालच्या अंगाचे, म्हणजे शहराचे आहे. धरण पुढे नव्याने उभे राहिले, त्याचा जलाशय तानाजीसागर या नावाने ओळखला जाऊ लागला आणि त्यातील पाण्यावर पुणे वाढत गेले. धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर राहिलेल्या समाजाच्या शिक्षणाचा विचार मात्र क्वचितच झालेला दिसतो.

पानशेत ज्या वेल्हे तालुक्यात येते त्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला. पुणे जिल्ह्यातील सर्वांत कमी लोकसंख्येचा हा तालुका आहे. विखुरलेल्या वाड्या, पावसाळ्यातील भातशेती, उतारावरची नाचणी व वरी, आणि तरुण वयात पुण्या-मुंबईकडे होणारे स्थलांतर ही येथील जीवनाची ठळक वैशिष्ट्ये होत. प्राथमिक शाळा वाडीजवळ असते. माध्यमिक शाळा दूर असते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, परंतु त्याचे संरक्षण चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे साधारणतः आठवीपर्यंतच आहे. नववीत पाऊल टाकताना विद्यार्थ्याला कायद्याचा आधार उरत नाही आणि नेमक्या त्याच वयात त्याच्या हातांना बाजारात किंमत येऊ लागते. डोंगरी भागातील गळतीचा प्रश्न मुख्यतः या वळणावरचा आहे.

अशा विद्यार्थ्याला निरनिराळ्या व्यवसायांचा प्रत्यक्ष परिचय करून देऊन शाळेत टिकवून ठेवण्याचे प्रयत्न जगभर झाले आहेत. महाराष्ट्रातील अशा प्रयत्नांचा इतिहास तपासणे व पुणे जिल्ह्यातीलच पाबळ येथील प्रयोगाच्या आधारे पानशेतसारख्या खोऱ्यासाठी त्याचा अर्थ शोधणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. शाळेतील श्रमशिक्षण जेव्हा जेव्हा 'मागे पडलेल्यांसाठी दुसरी वाट' म्हणून आखले गेले तेव्हा ते निष्प्रभ ठरले. ते सर्वांसाठी, गळतीच्या वयाआधी आणि गावाच्या गरजांशी जोडून दिले गेले तेव्हाच त्याने विद्यार्थ्याला शाळेशी बांधून ठेवले, असे या इतिहासातून दिसते.

'दुसऱ्या वाटे'ची परंपरा

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीबरोबरच अभ्यासक्रमात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाचा समावेश असावा अशी मागणी होती. वाचन, लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या पंक्तीला शेतीचे ज्ञान बसवण्याची ही भूमिका होती. कुणब्याच्या मुलाला व्याकरण नको, केवळ नांगर पुरे, असे फुले यांचे म्हणणे नव्हते. दोन्ही एकाच शाळेत, एकाच मुलाला मिळावे, हा त्यांच्या मागणीचा आशय होता.

आयोगाने मात्र माध्यमिक शिक्षणाच्या वरच्या इयत्तांत दोन शाखा सुचवल्या. एक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे नेणारी, तर दुसरी व्यापारी व व्यावहारिक स्वरूपाची. पहिल्या शाखेला नोकरी व प्रतिष्ठा होती; दुसरीला यांपैकी काहीच नव्हते. परिणामी विद्यार्थ्यांचा ओढा मॅट्रिककडेच राहिला. स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली, तेव्हाही थोड्याफार फरकाने हेच घडले.

या परंपरेला मूलगामी आव्हान दिले ते वर्धा शिक्षण योजनेने. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जो आराखडा तयार केला, त्यात साडेपाच तासांच्या शालेय दिवसापैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी राखून ठेवली होती. उद्योग हा वेगळा विषय न राहता त्यातूनच गणित, विज्ञान, समाजशास्त्र शिकवावे, ही नई तालीमची मुख्य कल्पना होती. ती तात्त्विकदृष्ट्या भक्कम होती, परंतु व्यवहारात दोन अडचणी उभ्या राहिल्या. बहुसंख्य शाळांत मूलोद्योग म्हणजे सूतकताई असे समीकरण रूढ झाले आणि शिक्षक त्यातून गणित वा विज्ञान उलगडून दाखवण्यास तयार झाले नाहीत. दुसरी अडचण अधिक खोल होती. ज्या समाजांना पिढ्यान्‌पिढ्या हातकामातच जखडून ठेवले होते, त्यांना शाळेतील हातकाम ही मुक्ती वाटणे कठीण होते. मद्रास राज्यात १९५३ मध्ये अर्धवेळ शाळा व अर्धवेळ घरचा व्यवसाय अशी योजना आली तेव्हा तिला 'कुलशिक्षण' म्हणून प्रखर विरोध झाला व १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. श्रमशिक्षणाच्या कोणत्याही प्रयोगाला या आक्षेपाचे उत्तर द्यावेच लागते : हे शिक्षण मुलाला त्याच्या जातीच्या व्यवसायाकडे परत नेते, की त्याच्यापुढे नवे व्यवसाय उघडे करते?

सातारा आणि कोसबाड

या प्रश्नाचे एक उत्तर साताऱ्यात मिळाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहून स्वयंपाक, शेतकाम, स्वच्छता ही कामे वाटून घेत. १९४० मध्ये सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर माध्यमिक शिक्षण देण्यात येऊ लागले. येथे श्रम कोणत्याही एका जातीचे राहिले नाहीत आणि श्रम करणारा विद्यार्थी मॅट्रिकच्या वाटेवरूनही ढळला नाही. गळतीचे आर्थिक कारण या योजनेने थेट हाताळले. तथापि श्रम हे शिक्षणाचे साधन व्हावे, ही अपेक्षा तीत गौण होती. विद्यार्थी शेतात काम करून फी भागवी. त्या शेतातील मातीचे रसायनशास्त्र तो शिकेच असे नाही.

दुसरे उत्तर तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी शोधले. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात नेण्यात आली. या 'कुरणशाळे'ने एक गोष्ट स्पष्ट केली. मूल शाळेबाहेर आहे याचे कारण दर वेळी मुलात नसते. अनेकदा ते शाळेचे वेळापत्रक व स्थान यांत असते.

कोठारी आयोग, कार्यानुभव आणि उशिरा उघडलेले दार

कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाला सर्व शालेय शिक्षणाचे अविभाज्य अंग मानले. ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' ही संज्ञा पुढे आणली. कल्पना उदात्त होत्या, पण शाळेच्या वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास म्हणजे खडू, मेणबत्त्या, कागदी फुले किंवा शिल्लक राहिलेल्या अभ्यासक्रमाची पूर्तता, असे त्याचे रूप झाले. परीक्षेत ज्याला वजन नाही, त्याला शाळेतही वजन राहत नाही, हा अनुभव येथे पुन्हा आला.

उच्च माध्यमिक स्तरावर महाराष्ट्राने १९७० च्या दशकाच्या अखेरीस द्विलक्षी अभ्यासक्रम व १९८० च्या दशकाच्या अखेरीस किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम सुरू केले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी १० टक्के १९९० पर्यंत व २५ टक्के १९९५ पर्यंत व्यावसायिक शाखेकडे वळावेत असे लक्ष्य ठेवले होते. प्रत्यक्ष प्रमाण या लक्ष्यापासून फार दूर राहिले. त्यापेक्षाही महत्त्वाचा मुद्दा वेळेचा आहे. हे दार दहावीनंतर उघडत होते. आठवी-नववीत शाळा सोडून गेलेला विद्यार्थी त्या दारापर्यंत पोहोचतच नव्हता. दहावी उत्तीर्ण होऊन जो तेथे आला, तो गुण कमी पडले म्हणून आला, अशी समजूत शिक्षक, पालक व स्वतः विद्यार्थी यांच्यात दृढ झाली.

पाबळचा प्रयोग

या पार्श्वभूमीवर डॉ. श्रीनाथ कलबाग यांच्या कार्याचे महत्त्व लक्षात येते. अन्नतंत्रज्ञानात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेतील काम व त्यानंतर हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील दीर्घ सेवा असा अनुभव असलेले कलबाग १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हे केंद्र भारतीय शिक्षण संस्था, पुणे या संस्थेचे होते. तिचे संस्थापक जे. पी. नाईक हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. आयोगाच्या अहवालात जे कागदावर राहिले त्याचा प्रत्यक्ष शोध त्यांच्याच संस्थेच्या छायेत सुरू व्हावा, हा इतिहासातील एक अर्थपूर्ण दुवा होय.

विज्ञान आश्रमाने दोन प्रकारचे कार्यक्रम उभे केले. पहिला शाळा सोडलेल्या मुलामुलींसाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम. त्याला पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली. दुसरा, प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, म्हणजे आठवी ते दहावीच्या नियमित विद्यार्थ्यांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्यास परीक्षेचा विषय म्हणून मान्यता दिली. कार्यानुभवाला जे वजन कधी मिळाले नव्हते, ते या विषयाला त्यामुळे मिळाले.

या विषयाचे चार विभाग होते : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. आठवड्यातील एक दिवस विद्यार्थी या कामात घालवी. वेल्डिंग, सुतारकाम, नळजोडणी, फेरोसिमेंटचे पत्रे, घरातील विजेची जोडणी, मातीपरीक्षण, बीजप्रक्रिया, जनावराच्या वजनाचा मापावरून अंदाज, हिमोग्लोबिन तपासणी, चिक्की तयार करणे व तिचा उत्पादनखर्च काढणे अशी प्रात्यक्षिके त्यात होती. प्रत्येक विद्यार्थ्याने चारही विभागांत काम करावयाचे, त्यामुळे मुली वेल्डिंग करीत आणि मुलगे स्वयंपाकघरातील प्रक्रिया शिकत. गावातील कसबी कारागीर निदेशक म्हणून शाळेत येत. कामाचे स्वरूप शक्यतो गावाला हव्या असलेल्या सेवेचे असे. शाळेच्या बाकाची दुरुस्ती, शेजारच्या घरातील वायरिंग किंवा शेतकऱ्याच्या मातीची तपासणी यांचा हिशेब विद्यार्थी स्वतः ठेवीत.

गळतीच्या दृष्टीने या रचनेचे तीन विशेष नोंदवावे लागतात. पहिला वयाचा. विद्यार्थी शाळा सोडण्याचा विचार करतो, त्याच इयत्तांत हा विषय येतो. दुसरा सार्वत्रिकतेचा. संपूर्ण वर्ग हा विषय घेतो, त्यामुळे 'हुशार' व 'ढ' अशी विभागणी कार्यशाळेच्या दारात मोडून पडते. गणिताच्या तासाला मान खाली घालून बसणारा मुलगा चौकोनी सांगाड्याचा काटकोन साधण्यासाठी कर्ण मोजू लागतो, तेव्हा तो पायथागोरसच वापरत असतो आणि ते त्याला दाखवून देता येते. तिसरा विशेष बहुकौशल्याचा. एकाच धंद्याचे प्रशिक्षण न देता अनेक कामांची चव दिल्यामुळे जातीच्या व्यवसायात अडकवण्याचा आक्षेप येथे लागू पडत नाही. सुताराचा मुलगा रक्त तपासतो, धनगराची मुलगी विजेची जोडणी करते. पुढे तिने कोणता व्यवसाय निवडावा, हे शाळा ठरवीत नाही. निवड करण्यापूर्वी तिने तो पाहिलेला असतो, एवढेच शाळा साधते.

कलबाग यांचे २००३ मध्ये निधन झाले. तत्पूर्वी, २००२ मध्ये, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या पुढाकाराने अमेरिकेबाहेर सुरू झालेल्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक पाबळला उभी राहिली. पुढे 'लेंड अ हँड इंडिया' या संस्थेने विज्ञान आश्रमाच्या सहकार्याने हा शालेय कार्यक्रम राज्यातील अनेक शाळांपर्यंत नेला.

परदेशातील एक पडताळा

पाबळच्या अनुभवाचा पडताळा म्हणून अमेरिकेतील 'करिअर अकॅडमी'चा उल्लेख उपयुक्त ठरेल. १९६९ मध्ये फिलाडेल्फियातील एडिसन हायस्कूलमध्ये गळती रोखण्याच्या हेतूने याची सुरुवात झाली. विद्यार्थ्यांचा छोटा गट, ठरावीक शिक्षक, एखाद्या व्यवसायक्षेत्राभोवती गुंफलेले नेहमीचे विषय आणि स्थानिक उद्योगांशी संपर्क अशी तिची रचना होती. एमडीआरसी या संशोधन संस्थेने नऊ शाळांत सोडत पद्धतीने निवडलेल्या विद्यार्थ्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. सर्वाधिक धोक्यातील विद्यार्थ्यांची गळती सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००० मधील अहवालात दिसले. तथापि पुढील वर्षांत शालेय शिक्षण पूर्ण करण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही. मात्र शाळेनंतरच्या आठ वर्षांत अकॅडमीतील विद्यार्थ्यांची कमाई सरासरी ११ टक्क्यांनी अधिक राहिली, असे २००८ च्या अहवालात नोंदवले आहे.

हा निष्कर्ष संयमाने वाचावयास हवा. व्यवसाय-परिचय हा गळतीवरील रामबाण उपाय नव्हे. मूल टिकवण्यात लहान गट व ओळखीचे शिक्षक यांचाही मोठा वाटा असतो.

धोरणाचे नवे पर्व

राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झाल्यानंतर महाराष्ट्राने २०१५-१६ पासून निवडक शाळांत नववीपासून व्यवसाय विषय सुरू केले. त्यांतील बहुकौशल्य विषयाची रचना पाबळच्या चार विभागांशी जुळणारी आहे. एका गावातील प्रयोग राज्याच्या अभ्यासक्रमात पोहोचला, ही समाधानाची बाब होय. परंतु बहुतेक ठिकाणी प्रशिक्षक खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी पद्धतीने नेमले गेले. गावचा कारागीर शाळेत येणे आणि बाहेरच्या यंत्रणेने पाठवलेला प्रशिक्षक येणे यांत शाळा व गाव यांच्या नात्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

याच काळात, २०१६ पासून काही वर्षे, दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेण्यात आली. मार्गदर्शनाचा हेतू स्तुत्य होता. मात्र ज्याने कार्यशाळा, प्रयोगशाळा वा रुग्णालय आतून पाहिलेले नाही, त्याला त्यांपैकी काय आवडेल हे प्रश्नावलीतून विचारण्याला मर्यादा आहेत. शिवाय ही चाचणीदेखील दहावीपर्यंत टिकलेल्यांसाठीच होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना स्थानिक कारागिरांकडे शिकण्यासाठी दहा दिवसांचा दप्तराविना काळ सुचवला आहे. वयाच्या दृष्टीने ही सूचना योग्य आहे. तीन वर्षांतील दर आठवड्याचा एक दिवस आणि दहा दिवस यांतील तफावत मात्र विसरता येणार नाही.

पानशेत खोऱ्यासाठी अर्थ

पाबळ आणि पानशेत एकाच जिल्ह्यात असले तरी त्यांची परिस्थिती परस्परविरुद्ध आहे. पाबळला पाऊस कमी, पानशेतला मुबलक. पाबळला सपाट माळ, पानशेतला डोंगर व जलाशय. पाण्याने विभागलेल्या काठांवरील वाड्यांना समोर दिसणारे गाव रस्त्याने लांब पडते. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत घराला मुलांच्या हातांची गरज असते. येथे पाबळची नक्कल उपयोगी नाही. त्यामागील तत्त्वे मात्र लागू पडतात.

खोऱ्यातील कामांकडे अभ्यासक्रम म्हणून पाहिले तर सामग्रीची वाण नाही. भाताची रोपवाटिका व खाचरातील पाण्याची पातळी, उतारावरील मातीची धूप, झऱ्यांच्या पाण्याची तपासणी, सौरदिव्यांची दुरुस्ती, राजगड-तोरण्याकडे येणाऱ्या गिर्यारोहकांसाठी प्रथमोपचार व वाटाड्याचे काम, नाचणीवरील प्रक्रिया या सर्वांत विज्ञान, भूगोल, इतिहास व हिशेब आहे. जलाशयाच्या काठी वाढलेल्या पर्यटनात स्थानिक तरुणाला पहारेकरी वा वाढपी म्हणून काम मिळते. त्याच व्यवसायाची आखणी, हिशेब व जोखीम त्याने शाळेत समजून घेतली, तर त्या साखळीत त्याचे स्थान बदलू शकते.

येथील खरी अडचण पटसंख्येची आहे. लहान शाळांत व्यवसाय विषयासाठी आवश्यक तुकडी जमत नाही, त्यामुळे गळतीचा धोका सर्वाधिक असलेल्या शाळाच अशा योजनांबाहेर राहण्याचा संभव असतो. कोसबाडचा धडा येथे आठवतो. काही शाळांनी मिळून एक कार्यशाळा वापरणे, लावणीच्या काळातील शेतकामाची नोंद प्रात्यक्षिक म्हणून स्वीकारणे, असे बदल वेळापत्रकाने करावयाचे आहेत. महाविद्यालयांनाही यात भूमिका आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे वर्षानुवर्षे अशाच गावांत भरतात. रसायनशास्त्र विभागाने मातीपरीक्षणाची, भूगोल विभागाने पाणलोट नकाशाची जबाबदारी सलग तीन वर्षे एका माध्यमिक शाळेसाठी घेतली, तर शिबिराचे रस्ते झाडणे संपल्यावरही काही मागे राहील.

समारोप

हंटर आयोगापासून आजपर्यंतच्या सुमारे १४० वर्षांच्या काळात महाराष्ट्राने शाळेतील श्रमाचे अनेक प्रकार पाहिले. त्यांतील बरेचसे विद्यार्थ्याला शाळेतून सन्मानाने बाहेर काढण्याचे मार्ग होते. साताऱ्याने गरीब विद्यार्थ्याची फी भागवली, कोसबाडने शाळेचे स्थान बदलले, पाबळने अभ्यासक्रमच बदलला. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच डोंगरी खोऱ्यातील नववीचा विद्यार्थी दहावीपर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते. फुले यांनी १८८२ मध्ये व्याकरण आणि शेती ज्या एका अभ्यासक्रमात मागितली होती, त्यांची पुढे दोन शाखांत फाळणी झाली. तिचे परिणाम आजही सर्वप्रथम पानशेतसारख्या खोऱ्यांतील शाळांच्या हजेरीपटावर उमटतात, आणि म्हणून व्यवसाय-शिक्षणाच्या कोणत्याही नव्या योजनेची कसोटी शहरातील शाळेत न घेता अशा हजेरीपटावर घेतली जाणे इष्ट होय.